शून्यालाही नऊ बाइट लागतात

परवाच्या वीकेंडला भंडारदऱ्याला जाऊन आलो. निमित्त काजव्यांचं. ताई, दाजी आणि भाची डॅलसहून सुट्टीला आलेत, आणि पाऊस नीट सुरू झाला की काजव्यांचा खेळ आटोपतो. त्यामुळे जेट लॅगबिट काही न बघता सगळ्यांना गाडीत कोंबलं. पुणे-नाशिक हायवेने संगमनेर, तिथे घरून आईला घेतलं, मग अकोले, राजूर करत दुपारी शेंडीत. काजव्यांबद्दल आज लिहिणार नाहीये. (गाडीचे दिवे फुल लावून काजवे बघायला येणाऱ्या महाभागांवर लिहायचं आहे, पण ते डोकं शांत असताना.) आजचा विषय जरा चक्रम वाटेल: कॅल्क्युलेटरमध्ये साठवलेले मॅट्रिक्स पुसायचे कसे?

हसू नका. या एका प्रश्नावरून आमच्या खोलीत चांगला अर्धा तास वाद झाला. आणि तेव्हापासून तो माझ्या डोक्यातून जात नाहीये.

तर झालं असं. भाची यंदा प्रीकॅल्क्युलसला जाणार. शाळेने सुट्टीसाठी गणितांचा गठ्ठा दिलाय. आमच्या वेळी मे महिन्यात आंबे आणि पत्ते असायचे, असो. संध्याकाळपर्यंत काही काम नव्हतं, म्हणून कार्टी व्हरांड्यात गणितं सोडवत बसली होती. हातात टीआय-८४ प्लस. ज्यांनी हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठी: हा ग्राफिंग कॅल्क्युलेटर. आपल्या कॅसिओच्या दुप्पट जाड, वर मोठी स्क्रीन, चार बारीक सेल आणि एक बटण सेल. २००४ मध्ये आलेलं मॉडेल, अमेरिकेतल्या शाळांमध्ये अजून वापरात. बनवणारी कंपनी यांच्याच गावची, डॅलसची. हिचा कॅल्क्युलेटर थोरल्या भावाकडून आलेला. म्हणजे पुस्तकं, सायकल, कॅल्क्युलेटर... धाकट्या भावंडांचं नशीब टेक्ससमध्येही तेच.

तिने नवीन मॅट्रिक्स भरायला घेतला आणि स्क्रीनवर आलं, "एरर: मेमरी".

"मामा, हे फुल झालंय."

घरात सॉफ्टवेअरवाला म्हणून मी एकटाच. (प्रिंटर, राउटर, आईचं व्हॉट्सअॅप, सगळं माझ्याच खात्यात.) दाजी आतून ओरडले, "अरे, सगळं रिसेट मार, दोन सेकंदांचं काम!" मलाही तेच पटलं. सेकंड, मेम, सात, एक. शेवटचा प्रश्न आला: रॅममधला सगळा डेटा आणि प्रोग्रॅम पुसले जातील, एक म्हणजे नको, दोन म्हणजे रिसेट. माझं बोट दोनवर.

"मामा, थांब! डी आहे त्यात!"

इतक्या जोरात ओरडली की आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

*

डी म्हणजे काय ते सांगण्याआधी थोडी पार्श्वभूमी.

माझे वडील हायस्कूलात गणित शिकवायचे. संगमनेरजवळ प्रवरेच्या कालव्याखाली आमची थोडी शेती. प्रवरेच्या पट्ट्यातल्या माणसाला पावसाळ्यात पेपर उघडल्यावर आधी काय बघायचं हे शिकवावं लागत नाही. भंडारदरा किती भरलं? क्रिकेटचा स्कोअर त्यानंतर. साधं गणित आहे. भंडारदऱ्याचं पाणी रंधा धबधब्यावरून निळवंड्यात येतं, तिथून ओझरच्या बंधाऱ्यावर, आणि तिथून डाव्या-उजव्या कालव्याने संगमनेर, राहाता, श्रीरामपूरकडे. धरण भरलं तर उन्हाळ्यात आवर्तनं मिळणार. नाही भरलं तर उसाचं काय करायचं ते आत्ताच ठरवा.

बाबा दर रविवारी तो आकडा एका डायरीत लिहायचे. दशलक्ष घनफुटांत, म्हणजे दलघफूमध्ये. धरणाची पूर्ण क्षमता ११,०३९. हा आकडा आमच्या घरात सगळ्यांना फोन नंबरासारखा पाठ.

काही वर्षांपूर्वी भाचीला मॅट्रिक्स म्हणजे काय ते कळेना. तिच्या दादाने बहुतेक खेकसून सांगितलं असणार. रविवारच्या फोनवर ती आजोबांजवळ रडली. बाबांनी शिकवायला घेतलं, तेही फोनवर. म्हणाले, "हे बघ, एक तक्ता समज. आडव्या ओळी म्हणजे आठवडे. एक जून ते ऑक्टोबर अखेर, बावीस आठवडे. उभे स्तंभ म्हणजे वर्षं. आपण दहा वर्षांचा तक्ता करू." पहिल्या पाच वर्षांचे आकडे डायरीतून वाचून दाखवले. तिने ते मॅट्रिक्स डीमध्ये भरले. डी फॉर डॅम. पुढची दोन वर्षं पावसाळ्यात दर रविवारी इकडून आकडा जायचा आणि तिकडे एक खाना भरला जायचा.

आणि गुणाकार? बाबांनी तिला सांगितलं की बावीस एकांची एक आडवी ओळ कर. ती झाली ई. आता ई गुणिले डी. उत्तरात दहा आकडे आले, प्रत्येक वर्षाची बेरीज. प्रत्येकाला बावीसने भागलं की त्या पावसाळ्याची सरासरी. मॅट्रिक्सचा गुणाकार कशाला करायचा असतो, हे इंजिनीअरिंगची चार वर्षं घालवूनही मला कुणी इतकं सरळ सांगितलं नव्हतं. ओळीतला एकेक आकडा स्तंभातल्या एकेका आकड्याला गुणतो आणि सगळ्याची बेरीज होते. बस्स.

बाबा गेल्या डिसेंबरात गेले. सातवा स्तंभ ऑक्टोबरपर्यंत पूर्ण आहे. पुढचे तीन शून्यांनी भरलेले आहेत.

आणि मी दोन दाबणार होतो.

*

आता माझी बाजू. मी असा सटासट रिसेट मारणारा माणूस का झालो, त्यालाही इतिहास आहे.

बारावीला आम्हाला कॅल्क्युलेटर नव्हताच. महाराष्ट्र बोर्डाच्या पेपरात लॉग टेबल चालतं, कॅल्क्युलेटर चालत नाही. तो हातात आला इंजिनीअरिंगला. कॅसिओ एफएक्स-९९१एमएस. त्यात मॅट्रिक्स तीनच, ए, बी आणि सी, आणि मोठ्यात मोठा तीन बाय तीन. परीक्षेला प्रोग्रॅमेबल कॅल्क्युलेटर बंद, त्यामुळे टीआय वगैरे फक्त सीनियरच्या तोंडून ऐकलेलं. आमच्याकडे मेमरीचा गैरवापर म्हणजे कॅल्क्युलेटरच्या सरकत्या झाकणाच्या आत पेन्सिलने लिहिलेले फॉर्म्युले. सुपरवायझर झाकण उघडून बघायचे, मेमरी कोण बघतो!

तर एम-थ्रीच्या पेपरात कोरिलेशनचं गणित आलं. गुणाकारांची बेरीज करायला मी एम प्लस वापरत होतो. उत्तर आलं एक पूर्णांक काहीतरी. आता कोरिलेशन कोइफिशंट एकाच्या वर जाऊच शकत नाही, हे मला माहीत होतं. पुन्हा केलं, आणखी मोठा आला. तिसऱ्यांदा करायला वेळ नव्हता, जे आलं ते लिहून मोकळा झालो. बाहेर आल्यावर एका मित्राने माझ्या स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या बारीक एमकडे बोट दाखवलं. आधीच्या गणितातला आकडा मेमरीत तसाच पडून होता, आणि माझी प्रत्येक बेरीज त्याच्या डोक्यावर रचली जात होती. कॅल्क्युलेटर बंद करून चालू केला तरी तो जात नाही. शून्य, शिफ्ट, स्टोअर, एम. चार बटणं. ती न दाबल्यामुळे आठ मार्क गेले.

त्या दिवसापासून मी पुसणारा झालो. प्रत्येक पेपराआधी शिफ्ट, क्लिअर, तीन, बरोबर. सगळं साफ. पाटी कोरी. फार छान वाटतं हो ते! कोऱ्या पाटीची नशा असते.

ती नशा उतरली नोकरी लागल्यावर. पहिल्या की दुसऱ्या वर्षी, रात्री सर्व्हरची डिस्क भरली. माझी ड्यूटी. बिल्ड अडकलेला, फोन वाजतोय. बघतो तर एक भलंमोठं फोल्डर, नाव "टेम्प-जुनं". टेम्पही आहे आणि जुनंही आहे, आणखी काय पुरावा हवा? उडवलं. बिल्ड पुढे सरकला, मी शाबासकीच्या अपेक्षेत झोपलो. सकाळी कळलं की टेस्टिंगच्या टीमने हाताने, एकेक करून भरलेल्या केसेस त्यात होत्या. तीन महिन्यांचं काम. बॅकअप नव्हता, कारण टेम्प फोल्डरचा बॅकअप कोण घेतं? त्या टीममधल्या बाई माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "विचारायचं तरी."

म्हणजे बघा, एकदा न पुसल्यामुळे फसलो आणि एकदा पुसल्यामुळे. मधली काही वर्षं मला वाटायचं की हे नशिबावर आहे. परवा व्हरांड्यात बसून कळलं की दोन्ही वेळा चूक एकच होती. मेमरीत काय आहे ते मी बघितलंच नव्हतं.

*

मग बघितलं. सेकंड, मेम, मग दोन नंबर, मेमरी मॅनेजमेंट. तिथे पाच नंबरला मॅट्रिक्स. यादी समोर येते, आणि प्रत्येक नावापुढे त्याने किती बाइट खाल्लेत ते लिहिलेलं असतं.

इथे जरा कॅल्क्युलेटरच्या पोटात डोकावू या. वापरायला मिळणारी रॅम साधारण २४ किलोबाइट. तुमच्या मोबाइलमधल्या एका फोटोत असे शंभर कॅल्क्युलेटर बुडतील. मॅट्रिक्सची नावं दहाच, ए ते जे. आणि मॅट्रिक्समधल्या प्रत्येक आकड्याला नऊ बाइट. आकडा लहान असो, मोठा असो, शून्य असो, नऊ बाइट म्हणजे नऊ बाइट. पन्नास बाय पन्नासचा एकच मॅट्रिक्स केलात तर साडेबावीस हजार बाइट गेले, संपली रॅम.

त्यामुळे पहिली गोष्ट: मॅट्रिक्स शून्यांनी भरला म्हणजे पुसला असं होत नाही. बरीच मुलं हेच करतात म्हणे. फिल वापरून सगळीकडे शून्य टाकायचं आणि मेमरी का सुटत नाही म्हणून डोकं खाजवायचं. शून्यालाही नऊ बाइट लागतात! जागा मोकळी करायची तर मॅट्रिक्सच डिलीट करावा लागतो.

दुसरी गोष्ट, आणि ही मला जरा खटकली. यादीतला प्रोग्रॅम डिलीट करायला गेलात तर यंत्र विचारतं, "नक्की?" मॅट्रिक्सला मात्र विचारत नाही. डिलीटचं बटण दाबलं की गेला. बनवणाऱ्यांचा विचार कळतो: प्रोग्रॅम म्हणजे कुणीतरी बसून लिहिलेली वस्तू, आणि मॅट्रिक्स म्हणजे काय, आकडे. उद्या पुन्हा टाका.

आमच्या यादीत पाच नावं होती. ए, तीस बाय तीस, आठ हजार शंभर बाइटच्या वर. हा दादाचा. बी आणि सी तीन बाय तीन, कुणाचे ते कुणालाच आठवेना. मग डी, दोन हजारांच्या आसपास. आणि ई, ती बावीस एकांची ओळ.

दाजी तोवर बाहेर येऊन बसले होते. ते म्हणाले, "पण मुद्दा काय आहे? धरणाचे आकडे जलसंपदा खात्याकडे असणारच की. पेपरात आलेत. बाबांची डायरी घरी आहे. लागले तर पुन्हा भरता येतील."

मुद्दा चुकीचा नव्हता. मी भाचीकडे बघितलं. तिने डी उघडला, बाण दाबत दाबत खाली गेली आणि एका खान्यावर थांबली. ११,०४९.

"हे बघ. हे त्यांच्याकडे नसणार."

धरणाची क्षमता किती? ११,०३९. मग हे दहा जास्तीचे आले कुठून? तर धरण भरलं त्या रविवारी बाबांनी फोनवर आकडा सांगितला, अकरा हजार एकोणचाळीस. आता टेक्ससमध्ये वाढलेल्या मुलीला मराठी आकड्यांमधले एकोण... तुम्ही-आम्हीच कुठे धड सांगू शकतो! तिने एकोणचाळीस म्हणजे एकोणपन्नास समजून ४९ टाकले. पुढच्या रविवारी बेरीज जुळेना तेव्हा चूक सापडली. ती दुरुस्त करायला निघाली तर बाबा हसले आणि म्हणाले, राहू दे, तुझं धरण सरकारच्या धरणापेक्षा दहाने मोठं.

दाजी गप्प झाले. आई आत गेली.

*

तर माझं मत, एका वाक्यात. काय पुसायचं हे ठरवताना "हे जुनं आहे का?" किंवा "हे किती जागा खातं?" असं विचारू नका. विचारा, "हे पुन्हा करता येईल का?"

ई बघा. बावीस एक. फिल वापरून दहा सेकंदांत परत बनतो. ई आणि डीचा गुणाकार? डी असेल तर केव्हाही. सॉफ्टवेअरमध्ये आपण याला डिराइव्ह्ड डेटा म्हणतो. जे दुसऱ्या कशापासून तयार होतं ते बिनधास्त उडवा, त्याचा मोह धरू नका. कॅशे, बिल्ड, थंबनेल, सगळं या जातीचं. पण जे बाहेरून आलं, कुणीतरी सांगितलं आणि कुणीतरी टाइप केलं, तो सोर्स. तो हातातून गेला की गेला. माझ्या त्या टेम्प फोल्डरात हाच घोळ होता. नाव टेम्पचं होतं, पण आत माणसांनी हाताने केलेलं काम होतं.

बरेचदा मजा अशी होते की जागा खातो डिराइव्ह्ड डेटा आणि मारला जातो सोर्स. कारण सोर्स लहान असतो, जुना असतो आणि त्याचं नाव कुणी धड ठेवलेलं नसतं.

आता परीक्षेचा मुद्दा कुणीतरी काढणारच. काढा. परीक्षेत कॅल्क्युलेटर साफ असावा की नाही? असावा, काहीच हरकत नाही. पण रिसेटने तो साफ होतो हा भ्रम आहे. ८४ प्लसमध्ये रॅमशिवाय आणखी एक कप्पा असतो, आर्काइव्ह. नुसती रॅम रिसेट केली तर आर्काइव्हमधल्या वस्तूंना धक्काही लागत नाही. शिवाय अमेरिकेतल्या पोरांनी फार पूर्वीच असे प्रोग्रॅम लिहून ठेवलेत, जे फक्त "रॅम क्लिअर्ड" एवढं स्क्रीनवर छापतात. सर खूश, पोरं खूश. एपी कॅल्क्युलससारख्या परीक्षेत तर मेमरी पुसून या असा नियमच नाही. आणि आपल्याकडे? गेटने २०१६ पासून प्रश्नच मिटवला, कॅल्क्युलेटर स्क्रीनवरच देतात, स्वतःचा आणायचाच नाही. आता सॅटही २०२४ पासून अमेरिकेत कॉम्प्युटरवर गेली आणि तिच्यात डेस्मॉसचा कॅल्क्युलेटर आत बसवलेलाच आहे. दर वेळी कोरा, काही न आठवणारा.

परीक्षेसाठी हेच उत्तम, सगळ्यांना सारखं. पण परीक्षा तीन तासांची असते. कोऱ्या पाटीचा नियम आपण परीक्षेच्या बाहेर घेऊन येतो, तिथे गडबड होते. फोन बदलला, नवीन सेटअप. लॅपटॉप स्लो झाला, फॉरमॅट. नोकरी बदलली, मेलबॉक्स गेला. आपल्या पिढीला "सगळं उडवून पुन्हा सुरू करू" हे फार शहाणपणाचं वाटतं. बहुतेक वेळा तो फक्त आळस असतो. यादी बघायचा आळस.

याच्या उलट टोकाचे लोकही माझ्या ओळखीत आहेत. काहीच पुसत नाहीत. एकाच पार्टीचे चारशे फोटो, त्यातले साडेतीनशे हललेले. त्यांनी माझा तो एम आठवावा. जे कशासाठी ठेवलंय तेच आठवत नाही, ते पुढच्या प्रत्येक बेरजेत चोरून मिसळतं.

*

शेवटी आम्ही काय केलं ते सांगतो.

डीवर कर्सर नेऊन एंटर दाबलं. नावापुढे एक चांदणी आली, म्हणजे वस्तू आर्काइव्हमध्ये गेली. आता रॅम उडाली, सेल संपले, तरी ती राहते. फक्त वापरायच्या आधी तिला परत रॅममध्ये आणावं लागतं. चालेल, आठवड्यातून एकदाच लागणार आहे.

ए दादाचा. ते तीस बाय तीस काय आहे हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नाही. दुसऱ्याची वस्तू आहे, विचारल्याशिवाय उडवायची नाही, एवढं मी आता शिकलोय. तोही आर्काइव्हमध्ये. शेंडीत नेटवर्क असं की मेसेज जायला रात्र झाली.

बी आणि सी. भाचीने दोन्ही उघडून बघितले, वहीतली गणितं ताडून बघितली, खांदे उडवले आणि डिलीट. निर्णय तिचा. ई पण गेला. "तो मी परत करीन."

मेमरी मोकळी झाली. पण माझ्यातला इंजिनीअर काही गप्प बसेना. मी म्हटलं, "डीचे शेवटचे तीन स्तंभ रिकामेच आहेत. बावीस गुणिले तीन गुणिले नऊ, पाचशे चौऱ्याण्णव बाइट फुकट. साइज बावीस बाय सात करून टाकू? आधीचे आकडे जात नाहीत, तेवढंच शेपूट कापलं जाईल."

तिने माझ्याकडे असं बघितलं जसं त्या टेस्टिंगवाल्या बाईंनी बघितलं होतं.

"मामा, ती रिकामी नाहीयेत. ती पुढच्या वर्षांची आहेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी धरणावर गेलो. १९२६ साली पूर्ण झालेलं हे धरण. मुंबई प्रांताचे तेव्हाचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या नावाने विल्सन डॅम. जूनच्या सुरुवातीला पाणी पार खाली गेलेलं असतं. काठावर मातीच्या पायऱ्या-पायऱ्या दिसतात, आदल्या पावसाळ्यात पाणी कुठवर होतं त्याच्या खुणा. दाजी म्हणाले, रिकामं झालंय की हे! आई म्हणाली, रिकामं कधी होत नसतं, खाली मृतसाठा असतो. बाबांचं वाक्य ते. आणि पाणी सोडतात तेही आवर्तनाने, कुणाला किती आणि कधी याचा हिशोब करून. कितीही घाई असली तरी आख्खं धरण कुणी एका बटणाने सोडत नाही.

रविवार होता. मी शेंडीतून पेपर घेऊन आलो. भाचीने चांदणी काढून डी रॅममध्ये आणला, आठव्या स्तंभाच्या पहिल्या खान्यावर कर्सर नेला आणि कॅल्क्युलेटर हातात धरून बसून राहिली. आकडा कुणी वाचायचा हे ठरलंच नव्हतं. मग आईने चष्मा लावला, पेपर घेतला आणि वाचला. भाचीने दोनदा विचारून घेतला, "एकोण म्हणजे एक कमी ना?" आणि टाकला.

पहिल्या आठवड्याचं शून्य गेलं. उरलेल्या एकवीस शून्यांना ऑक्टोबरपर्यंत दर रविवारी आकडा मिळेल, फोन आता आई करणार आहे. मधल्या काळात माझ्या लॅपटॉपची डिस्क ९४ टक्के भरलीय. पूर्वी असतं तर आज रात्रीच फॉरमॅट मारला असता. आता चहा करून यादी उघडून बसलोय. वेळ लागणार आहे. लागू दे.